व्यापाऱ्याचा चेक बाउन्स झालाय, थांबू का केस करू?

प्रश्न: मी तासगावचा. इंदूरच्या व्यापाऱ्याने बेदाण्यापोटी दिलेला 2 लाख 40 हजारांचा चेक 'फंड्स इन्सफिशियंट' शेरा मारून परत आला. तो म्हणतो पुढच्या महिन्यात परत टाका. केस करायची तर इंदूरला जावं लागेल का?

उत्तर: दादा, नुसत्या शब्दावर थांबू नका. चेक तारखेपासून 3 महिनेच चालतो, त्या आत परत टाकता येतो हे खरं, पण मुदत अशीच निघून जाते आणि माणूस हात चोळत बसतो, फार वाईट वाटतं असं बघून. बँकेचा रिटर्न मेमो (चेक परत आल्याची चिठ्ठी) मिळाल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस पाठवा, स्पीड पोस्टाने, आणि मागणी चेकच्या नेमक्या रकमेची करा. नोटीस मिळाल्यावर 15 दिवसांत पैसे नाही आले तर पुढच्या एका महिन्यात चेकच्या कायद्याच्या (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट) कलम 138 खाली मॅजिस्ट्रेट कोर्टात तक्रार, पोलीस स्टेशनला हेलपाटे मारायची गरजच नाही. इंदूरलाही जायचं नाही, 2015 च्या दुरुस्तीनंतर चेक भरलेलं तुमचं खातं ज्या शाखेत आहे तिथल्याच कोर्टात केस चालते.

शिक्षा 2 वर्षांपर्यंत कैद किंवा रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय त्याने गुन्हा नाकारला तर केस चालू असतानाच चेकच्या रकमेच्या 20 टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाई कोर्ट देऊ शकतं, वकिलांना तो अर्ज आवर्जून करायला सांगा. सौद्याची पट्टी, बिल, व्हॉट्सॲप मेसेज, काहीच डिलीट करू नका.