यादी निम्मी कर

प्रिय,

तुझी यादी पाहिली. दहा दिवसांत सव्वीस चर्च! परत आल्यावर कुठला मनोरा कुठल्या गावचा, हे तुला फोटो बघूनही सांगता येणार नाही. निम्मी नावं आत्ताच खोड आणि उरलेल्यांत खेड्यातली जास्त ठेव.

मोठी कॅथेड्रलं टाळ असं नाही. इंग्लंडमधल्या डरहॅमला जा. 1093 साली सुरू झालेलं ते काम; तिथले खांब दोघांच्या कवेतही मावत नाहीत. खालच्या कमानी अर्धगोल, पण मान वर केलीस तर मुख्य दालनाच्या छतात टोकदार कमानी डोकावतात. पुढे काय होणार त्याची ती चाहूल. मग 1194 च्या आगीनंतर उभं राहिलेलं फ्रान्समधलं शार्त्रचं कॅथेड्रल बघ. टोकदार कमान भार बाहेर कमी ढकलते, खाली जास्त उतरवते. उरलेला रेटा बाहेरचे दगडी टेकू पेलतात. भिंत मोकळी झाली, म्हणून एवढाल्या खिडक्या काढता आल्या. एखादा वाटाड्या सांगेल, की काच शतकानुशतकं ओघळून खाली जाड झाली. मान डोलाव, विश्वास ठेवू नकोस. तेव्हा काच बनायचीच कमीजास्त जाडीची.

खेड्यातल्या चर्चमध्ये मात्र लगेच आत शिरू नकोस. आधी बाहेरून सबंध फेरी मार. कुठे बुजवलेलं दार दिसेल, कुठे मनोऱ्यावर जुन्या, उंच छपराची तिरकी खूण. दगडाचा रंग जिथे बदलतो तिथे थांब. काम थांबून पुन्हा सुरू झालं असेल, नाहीतर डागडुजी. इंग्लंडमधल्या किलपेक गावच्या बाराव्या शतकातल्या चर्चला वळचणीखाली कोरलेले कुत्रा आणि ससा शेजारी शेजारी बसलेत. ते बघितल्याशिवाय पुढे जाशील तर माझ्याशी गाठ आहे.

आत गेल्यावर डोळे अंधाराला सरावेपर्यंत नुसतं बस. जुन्या चर्चची वेदी बहुधा पूर्वेला असते, तेव्हा तिच्यामागच्या रंगीत काचा सकाळी बघाव्यात. (रोमचं सेंट पीटर्स नेमकं उलटं.) पांढरी भिंत रिकामी समजू नकोस. इंग्लंडमध्ये सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारणेत चित्रांवर चुना फासला गेला आणि त्या चुन्यानेच काही चित्रं जपली. चॅल्डन गावच्या चर्चमधलं 1200 च्या सुमाराचं, स्वर्गाच्या शिडीचं भित्तिचित्र एकोणिसाव्या शतकात असंच चुन्याखालून निघालं.

दार बंद असेल तर सूचनाफलक वाच. किल्ली कुणाकडे आहे ते पुष्कळदा तिथेच लिहिलेलं असतं. उपासना चालू असेल तर कॅमेरा पिशवीत. तरुणपणी मी एकदा छताकडे बघत बघत थेट अंत्यविधीत घुसलो होतो. एका आजीबाईंनी दंडाला धरून मला मागच्या बाकावर बसवलं. संपेपर्यंत हलायची हिंमत झाली नाही.

माझी दुर्बीण ने. मधलं चाक जरा सैल आहे, बोटाने धरून ठेवावं लागेल.

तुझा,
काका