सेल्फ लागत नाही? लगेच नवी बॅटरी घेऊ नकोस
थांब भावा, जुनी पिकअप सेल्फ घेत नाही म्हणून आधी बॅटरीवर पैसे घालू नको. मी तेच केलं होतं, नवी टाकली आणि दुसऱ्या दिवशी परत टक करून गप्प, निघालं काय तर इंजिनाची अर्थिंगची पट्टी (इंजिनातून करंट बॅटरीच्या मायनसकडे परत नेणारी) गंजलेली.

हेडलाइट लावून चावी फिरव. लाइट एकदम मंद झाली तर बॅटरी नाहीतर टर्मिनल (बॅटरीवर वायर जोडतात ती टोकं), लाइट तशीच राहिली आणि नुसता टक आवाज आला तर सॉलेनॉइड (सेल्फच्या मोटरला करंट सोडणारा स्विच) गेलाय किंवा सेल्फचे कार्बन (मोटरच्या आत करंट पोचवणारे तुकडे) घासलेत, आवाजच नसेल तर इग्निशन स्विच (चावीचा), रिले (करंटवर चालणारा छोटा स्विच) आणि सॉलेनॉइडला येणारी बारीक वायर बघ.

मग मल्टीमीटर, म्हणजे व्होल्ट मोजायचं मीटर. रात्रभर उभ्या गाडीला १२.६ व्होल्टच्या आसपास पाहिजे, सेल्फ मारताना साडेनऊच्या खाली गेलं तर बहुतेक बॅटरीचाच दम संपलाय. ती ठीक असेल तर मीटरचा एक प्रोब (वायरचं टोक) बॅटरीच्या मायनसला, दुसरा इंजिनाच्या उघड्या लोखंडाला लाव आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांग, अर्ध्या व्होल्टच्या वर दाखवलं की अर्थिंग खराब. हे कोणी बघतच नाही राव!

आणि हो, गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढून, टर्मिनल काढताना आधी मायनस.