आधी त्या मेसेजला उत्तर दे

‘ताई, मी ३७ वर्षांची आहे. ११ वर्षं एका कारखान्याच्या खरेदी विभागात होते. विभागच बंद झाला, त्याला आता ६ महिने झाले. तीन महिन्यांत नोकरी मिळवायची आणि त्यासाठी रोज १० अर्ज करायचे, असं मी ठरवलं होतं. अर्ज जातात, उत्तरं येत नाहीत. मुदतही उलटून गेली. आता रोज १५ करू का? माझं उद्दिष्टच चुकलं की मी कमी पडतेय? मध्यंतरी एका जुन्या सहकारी मॅडमचा “कशी आहेस, सध्या काय करतेस?” असा मेसेज आला होता, पण नोकरी लागली की मगच उत्तर द्यायचं ठरवलंय. नवरा रोज संध्याकाळी विचारतो, आज किती झाले. फार चिडचिड होते.’

१५ नकोत. १० सुद्धा नकोत. पण आकड्यांचं नंतर बघू, कारण तुझ्या पत्रात मी अडकले ती त्या मेसेजपाशी. त्याबद्दल एक वाक्य लिहिलंस आणि लगेच नवऱ्याकडे वळलीस. मेसेज किती जुना आहे तेही सांगितलं नाहीस.

या ६ महिन्यांत एक उद्दिष्ट तू अगदी कसोशीने पाळलं आहेस, कुठेही न लिहिलेलं: नोकरी लागेपर्यंत ओळखीच्या माणसांच्या नजरेला पडायचं नाही. रोजचे १० अर्ज त्याच्याच सोयीचे आहेत. अर्ज भरताना कुणाशी बोलावं लागत नाही, ‘सध्या घरीच आहे’ हे शब्द तोंडातून काढावे लागत नाहीत. दिवस संपताना जीव दमतो, आणि दमलो म्हणजे प्रयत्न केले असं वाटतं. मला याचा राग येतो अगं, कारण तू आळशी नाहीस. एवढी मेहनत तू लपून राहण्यात घालवते आहेस.

त्या मॅडमनी काय विचारलं, ते पुन्हा वाच. त्यांना तुझी आठवण झाली, त्यांनी आपणहून चौकशी केली. नोकरी लागल्यावर उत्तर देणार म्हणजे मदतीची गरज संपल्यावर मदत करू शकणाऱ्या माणसाशी बोलणार!

मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांना विचारलं होतं, की ज्याच्याकडून या जागेबद्दल कळलं, तो त्या काळात तुम्हाला कितीदा भेटायचा? त्याच्या १९७३ च्या लेखातलं उत्तर असं: वारंवार भेटणारे सुमारे १७ टक्के, अधूनमधून भेटणारे निम्म्याहून जास्त, आणि क्वचितच भेटणारे सुमारे २८ टक्के. कारण समजण्यासारखं आहे. रोजच्या माणसांना बहुतेक तेच ठाऊक असतं जे तुला ठाऊक आहे. दुसऱ्या ऑफिसात बसलेल्या जुन्या सहकाऱ्याच्या कानावर वेगळ्या बातम्या पडतात. २०२२ मध्ये ‘सायन्स’ या विज्ञानपत्रिकेत, लिंक्डइन या कामाच्या ओळखी जोडणाऱ्या संकेतस्थळाच्या सुमारे २ कोटी सदस्यांवरच्या प्रयोगांचे निष्कर्ष आले, त्यांतही फार घट्ट नसलेल्या ओळखीच नोकरी बदलताना जास्त उपयोगी पडलेल्या दिसल्या. तुझ्या मॅडम नेमक्या अशा ओळखीतल्या आहेत, आणि त्यांना तू ताटकळत ठेवलंयस.

आता आकडे. ‘तीन महिन्यांत नोकरी’ हे तुझ्या हातातलं नाहीच. जागा कधी निघणार, खर्चाला मंजुरी कधी मिळणार, निवड करणारा रजेवर आहे की हजर, हे सगळं तुझ्या माघारी ठरतं. ते हुकलं म्हणून तू कमी पडलीस असं होत नाही. १० अर्ज तुझ्या हातात होते खरे, पण एकच बायोडेटा १० ठिकाणी गेला असणार. ‘खरेदी विभागात ११ वर्षं’ एवढ्यावरून तू व्हेंडरशी दर ठरवत होतीस की नुसत्या ऑर्डर काढत होतीस, हे वाचणाऱ्याला कसं कळावं? आठवड्याला तीनच अर्ज कर, प्रत्येक जाहिरात नीट वाचून, तिच्याप्रमाणे बायोडेटा बदलून. नवऱ्याचं सोडून दे. आकडा तू लावून घेतलास, म्हणून तो आकडा विचारतो.

पण हे सगळं उद्यापासून. आज एकच काम, हे वाचून झाल्या झाल्या. मजकूर मीच देते:

‘नमस्कार मॅडम, उत्तराला फार उशीर झाला, माफ करा. आमचा विभाग बंद झाला, ६ महिने मी घरी आहे आणि खरेदीतलंच काम शोधते आहे. या आठवड्यात १५ मिनिटं फोनवर बोलता येईल का? तुमच्याकडे सध्या काम कसं चालतं, कशा माणसांची गरज पडते, ते तुमच्याकडून ऐकायचं आहे.’

फोनवर नोकरी मागू नकोस. ती देणं बहुधा त्यांच्या हातात नसेल आणि उगाच दोघींना अवघडल्यासारखं होईल. माहिती मात्र त्या मोकळेपणाने देतील. फोन ठेवण्याआधी विचार, ‘मी आणखी कुणाशी बोलू?’ जे नाव मिळेल, त्या माणसाशी बोलणं हे तुझं पुढच्या आठवड्याचं उद्दिष्ट. मॅडमचं उत्तर आलं नाही तर आठवड्याने एकदा आठवण कर आणि तोवर दुसऱ्या जुन्या सहकाऱ्याला लिही.

पाठवताना हात अडखळेल. तरी पाठव. मग मला लिही, त्यांच्याशी काय बोलणं झालं ते. अर्ज किती केलेस, ते त्या पत्रात नको.