सेन्सेक्स एकदम कोसळला तर बाजार बंद करण्याचा निर्णय कोण घेतं? किती वेळ बंद राहतो?

ऐनवेळी कोणीच निर्णय घेत नाही. सेबीचा (शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेचा) नियम २००१ पासून ठरलेला आहे. आदल्या दिवशीच्या बंद भावापेक्षा सेन्सेक्स किंवा निफ्टी, जो आधी १० टक्के हलेल, त्यावर देशभरातले शेअर आणि त्यांच्या डेरिव्हेटिव्हचे (शेअरच्या भावावर बेतलेल्या करारांचे) व्यवहार थांबतात. दुपारी १ च्या आत असं झालं तर ४५ मिनिटं, १ ते अडीचमध्ये १५ मिनिटं, अडीचनंतर थांबवत नाहीत. १५ टक्क्यांना थांबा लांबतो, २० टक्क्यांना त्या दिवसाचा बाजार संपला.

हा नियम चढत्या बाजारालाही लागू आहे, हे बरेच जण विसरतात. १८ मे २००९ ला लोकसभेच्या निकालानंतर बाजार इतका उसळला की व्यवहार थांबवावे लागले.

मला हा नियम अतिशय गरजेचा वाटतो. १३ मार्च २०२० ला सकाळीच १० टक्के घसरण झाली, ४५ मिनिटं व्यवहार थांबले, आणि त्याच दिवशी बाजार वाढून बंद झाला. अर्थात थांबा म्हणजे तेजीची हमी नव्हे: २३ मार्चला पुन्हा थांबवूनही सेन्सेक्स सुमारे १३ टक्के खालीच बंद झाला. म्हणून त्या वेळेत घाबरून विक्रीची ऑर्डर तयार ठेवू नका, आधी बातमी नीट वाचा.