काचेत कुठला बोसॉन सापडला?

प्रश्न : सर नमस्कार, मी खानापूरचा, बेळगावात बीएस्सीला आहे. सेमिनारसाठी काचेवर वाचूलालोय तर जिथं बघावं तिथं 'बोसॉन पीक'. बोसॉन म्हणजे कण ना, मग काचेत कुठला कण सापडला? आणि शाळेत सांगितलेलं की काच म्हणजे अतिथंड द्रव, म्हणून जुन्या खिडक्यांच्या काचा वाहून खाली जाड होतात. खरं काय?

उत्तर : खिडकीचं आधी संपवून टाकू. वाहत बिहत काही नाही, पूर्वी काच फुंकून बनवायचे तेव्हा जाडी कुठं कमी कुठं जास्त यायची, एवढंच.

अतिथंड द्रव, म्हणजे गोठायच्या तापमानाखाली जाऊनही स्फटिक न झालेला द्रव, बघायचा तर घरात चिक्कीचा पाक करताना बघ. साखरेला सावकाश वेळ दिला की खडीसाखर होते, म्हणजे रेणू ओळीत लागलेला स्फटिक. पण कडक पाक तूप लावलेल्या ताटात ओतला की रेणूंना ओळ लावायला सवडच मिळत नाही, पाक नुसता घट्ट घट्ट होत जातो, ही झाली अतिथंड द्रवाची अवस्था, आणि शेवटी कडक होऊन वाजायला लागला की ती साखरेची काच. म्हणजे काच हा घनच, फक्त आतली रचना द्रवासारखी विस्कटलेली. (पावसाळ्यात चिक्की चिकट होते ना, ते यामुळंच, हवेतलं पाणी आत शिरलं की ती पुन्हा द्रवाकडं सरकते.)

आता बोसॉन. नवीन कण बिण काही नाही रे, नावानं उगीच घोळ केलाय. स्फटिकात कमी वारंवारितेची कंपनं म्हणजे साध्या ध्वनिलहरी, आणि पीटर डिबाय या शास्त्रज्ञानं १९१२ मध्ये हिशोब मांडला की त्यांची संख्या वारंवारितेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. काचेत मोजलं तर साधारण १ टेराहर्ट्झच्या आसपास या हिशोबापेक्षा जास्तच कंपनं निघतात. आलेखात तिथं उंचवटा दिसतो, तोच बोसॉन पीक (इंग्रजी peak, म्हणजे शिखर). १ टेराहर्ट्झ म्हणजे सेकंदाला एक लाख कोटी हेलकावे, आणि याला 'कमी ऊर्जेचं' म्हणतात! पण सिलिका (वाळूतलं मुख्य द्रव्य) काचेतला सिलिकॉन-ऑक्सिजनचा बंध ताणला जातो तो ३० टेराहर्ट्झच्या वर, त्यापुढं हे संथच की. रामन स्कॅटरिंगमध्ये (पदार्थातून विखुरताना प्रकाशाचा रंग किंचित बदलतो, तो सी. व्ही. रामन यांचा परिणाम) या उंचवट्याची तीव्रता तापमानासोबत बदलते ती सत्येंद्रनाथ बोस यांच्या सांख्यिकीप्रमाणं (कुठल्या तापमानाला बोसॉन किती, हे सांगणारा नियम), म्हणून नाव बोसॉन. एका पीकमागं दोन भारतीय नावं, सेमिनारला हे सांग, मास्तर खूश होतील.

पण ही जादाची कंपनं येतात कुठून? संध्याकाळची निपाणीची बस आठव. कुणी दाराला चेपलेला, कुठं दहाबारा जणांच्या घोळक्याला जरा ऐसपैस जागा. ड्रायव्हरनं ब्रेक मारला की चेपलेले हलत नाहीत, तो घोळका मात्र सगळा मिळून डुलतो आणि जागेवर येतो. काचेतही काही भाग कडक, काही मऊ, मऊ भागातले अणू घोळक्यानं डुलतात, आणि त्यातून जाणारी ध्वनिलहर विखुरते. म्हणून तर अतिशय कमी तापमानाला काच उष्णता इतकी वाईट वाहते, १० केल्विनच्या (उणे २६३ अंश सेल्सिअस) आसपास क्वार्ट्झचा, म्हणजे सिलिकाचाच, स्फटिक सिलिका काचेपेक्षा हजारो पट चांगला वाहक असतो. झेलर आणि पोल या शास्त्रज्ञांनी १९७१ मध्ये वेगवेगळ्या काचांची मापं एकत्र मांडली तेव्हा लक्षात आलं की पदार्थ कुठलाही असो, काच म्हटलं की वागणूक साधारण तीच.

अतिथंड द्रवात मात्र डुलता डुलता अणू जागाही बदलायला लागतात. सिलिकासारख्या पदार्थात हा उंचवटा तिथंही दिसत राहतो, काही पदार्थांत या सरकासरकीत बुडून जातो.

कारणावर अजून भांडणं चालू आहेत बरं का. कोण म्हणतं हे स्फटिकातल्याच आडव्या लहरींचं (ज्यात अणू लहरीच्या दिशेला आडवे हलतात) बिघडलेलं रूप, कोण म्हणतं जागोजागी बदलणारा कडकपणा हेच मूळ. मला दुसरं पटतं, कारण सिलिका काच दाबून जास्त दाट केली की उंचवटा बसतो आणि वरच्या वारंवारितेकडं सरकतो. बसमध्ये अजून वीस माणसं कोंबली तर घोळका कुठून डुलणार, तसंच.