'कोमा' वाचून ऑपरेशनची धास्ती बसली आहे. त्यातलं वैद्यकीय किती खरं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सावानातून (नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयातून) आणलेली रॉबिन कुकची 'कोमा' ही कादंबरी तुमच्या वाचकगटात फिरली. निम्मे म्हणाले, "सगळी फेकाफेक, आजच्या मॉनिटरवर लगेच पकडलं गेलं असतं." उरलेल्यांनी ऑपरेशन थिएटरची धास्ती घेतली. त्यात तुमच्या आईचं गुडघा बदलायचं ऑपरेशन पुढच्या महिन्यावर आलंय. (पुढे रहस्यभेद आहे. पुस्तक अर्धं राहिलं असेल तर शेवटच्या परिच्छेदावर उडी मारा.)

माझ्या मते दोन्ही बाजू चुकतात, आणि "पकडलं गेलं असतं" म्हणणारे जरा जास्तच. रुग्ण कोमात जावेत म्हणून ८ नंबरच्या थिएटरकडे जाणाऱ्या ऑक्सिजनच्या लाइनमध्ये कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू सोडतात आणि मग त्यांचे अवयव विकतात, हा या कादंबरीचा कणा. बोटाला लावतात तो चिमटा, म्हणजे पल्स ऑक्सिमीटर, लाल आणि इन्फ्रारेड अशा दोन प्रकाशांवर चालतो. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनवाल्यासारखंच दिसतं. मेंदू गुदमरत असतानाही पडद्यावर ९८ झळकू शकतं, त्वचाही निळी पडत नाही. हा वायू ओळखायचा तर रक्ताचा नमुना को-ऑक्सिमीटर असलेल्या यंत्रावर तपासावा लागतो, आणि तो संशय आल्याशिवाय कोणी पाठवत नाही. पुस्तक १९७७ चं. तेव्हा थिएटरमध्ये हा चिमटाही नव्हता, तो १९८० च्या दशकात रुळला. तरी वायूची निवड आजही पटते. कुक स्वतः डोळ्यांचा डॉक्टर, हे इथे कळतं.

हा वायू भुलीच्या यंत्रातच तयार झाल्याच्या घटनाही नोंदलेल्या आहेत. यंत्रात कार्बन डायऑक्साइड शोषणारा सोडालाइमचा डबा असतो. शनिवार-रविवार ऑक्सिजन चालू राहिला, चुना खडखडीत वाळला आणि सोमवारी पहिल्याच केसला डेसफ्लुरेन हे हुंगवायचं भुलीचं औषध लावलं, की त्या कोरड्या चुन्यावर कार्बन मोनॉक्साइड बनतो. म्हणून दिवस संपला की गॅस बंद करायचा आणि चुना वेळेवर बदलायचा.

लाइन दगा देते तेव्हा काय होतं हे नाशिककरांना सांगायला नको. एप्रिल २०२१ मध्ये महापालिकेच्या रुग्णालयात द्रव ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली, दाब पडला आणि वीसहून अधिक रुग्ण गेले. पण दाब पडणं दिसतं. थिएटरमध्ये लाइनचा दाब साधारण ४ बार असतो, तो उतरला की यंत्र ओरडतं आणि भूलतज्ज्ञ मागचा राखीव सिलिंडर उघडतात (काळं अंग, पांढरे खांदे). कादंबरीतली खोच इथेच आहे: दाब जागच्या जागी, आतला माल बदललेला.

कादंबरी कोसळते पुढे, अवयवांच्या बाजारात. कार्बन मोनॉक्साइड मेंदू निवडून मारत नाही, हृदयालाही तडाखा बसतो. शिवाय १९७७ साली सायक्लोस्पोरिन हे अवयव नाकारणं रोखणारं औषध बाजारात नव्हतं, अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली १९८३ मध्ये. त्याआधी परका अवयव शरीर सहज नाकारायचं. आणि काढलेलं हृदय बर्फात ठेवलं तरी चार ते सहा तासच टिकतं. इतक्या नाजूक मालाचा गुपचूप धंदा? कसं जमायचं!

कोमातल्या रुग्णांना ठेवतात त्या कादंबरीतल्या जेफर्सन इन्स्टिट्यूटमध्ये हाडांतून तारा ओवून टांगलेले रुग्ण हे चित्र मात्र कोणी विसरत नाही. त्यामागचा तर्क खरा आहे: पाठ गादीला टेकली नाही की शय्याव्रण होत नाहीत. पण हाडात शिरणारी प्रत्येक तार म्हणजे जंतूंना उघडं दार. मोडलेलं हाड ताणून ठेवायला (ट्रॅक्शन) घातलेल्या एका पिनेभोवतीही पू धरतो, तर इथे असे डझनभर रस्ते. एरवी दर दोन तासांनी कूस बदलतात, ते कंटाळवाणं असेल पण चालतं.

कथा म्हणून नायिका सुझनचा पाठलाग झकास, शेवट मात्र घाईत गुंडाळलाय. आणि "कोमात गेला की अवयव काढतात" हा समज कादंबरीतून उचलू नका. कोमा आणि मेंदूमृत्यू या दोन वेगळ्या गोष्टी. आपल्याकडे १९९४ च्या कायद्यानुसार चार डॉक्टरांचं मंडळ मेंदूमृत्यू ठरवतं, किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासून, आणि त्यानंतरही नातेवाइकांची संमती लागते.

आता आई. कादंबरीत कोमात गेलेल्या बर्मनचंही ऑपरेशन गुडघ्याचंच होतं, म्हणून घाबरला असाल. गुडघा बदलताना बहुतेकदा कमरेत सुई देऊन कमरेखालचा भाग बधिर करतात. श्वास त्यांचा त्या स्वतःच घेतात, हवी तर हलकी झोप देतात. भूलतज्ज्ञांच्या तपासणीला जाताना आधीच्या ऑपरेशनचे कागद न्या. कवळी किंवा हलता दात असेल तर आपणहून सांगा. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ती कधी थांबवायची हे आठवडाभर आधीच विचारा, कारण ती चालू असताना कमरेत सुई टोचली तर मणक्यात रक्त साकळण्याचा धोका असतो. स्वतःच्या मनाने मात्र बंद करू नका. उपास साधारण असा: जेवण सहा ते आठ तास आधी बंद, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत. चहात दूध असतं, तो पाण्यात धरू नका. आणि गोळ्यांच्या पट्ट्याच पिशवीत टाकून न्या. "ती पांढरी, बीपीची" एवढ्यावरून कोणालाच काही कळत नाही.