त्याचा देवदास झाला, की झाला होता?

प्रश्न असा आहे: मुंबईत प्रेमभंग झालेल्या कुणाबद्दलही ‘त्याचा देवदास झालाय’ असं सर्रास म्हणतात. ‘तो देवदास झाला’ असं का म्हणत नाहीत? आणि देवदासचीच गोष्ट आजच्या काळात आणणाऱ्या ‘देव.डी’ या २००९च्या हिंदी सिनेमातल्या देवला हा वाक्प्रयोग लागू पडतो का?

आधी व्याकरण. ‘तो देवदास झाला’ म्हणजे त्याने भूमिका केली. १९५५ साली दिलीपकुमार देवदास झाले, २००२ साली शाहरुख खान झाला. ‘त्याचा’ म्हटलं की षष्ठी येते, दुधाचं दही होतं तशी: मूळ माणूस कच्चा माल, आणि देवदास ही त्याची नंतरची अवस्था. ‘त्याचा पोपट झाला’ची घडणही हीच. कारण जोडायचं तर ‘पायी’ वापरा: ‘तिच्यापायी त्याचा देवदास झाला.’ मुलीबद्दल बोलताना मात्र पंचाईत होते. ‘तिचा देवदास झाला’ म्हटलं, तर ऐकणारा ‘तिचा म्हणजे कोण तो?’ असं विचारेल. म्हणून ‘देवदासी’ करायला जाऊ नका. तो देवाला वाहिलेल्या स्त्रीसाठीचा वेगळाच शब्द आहे.

विशेषनामाचं सामान्यनाम झाल्याची खूण विभक्तीत दिसते. सिनेमाबद्दल बोलताना ‘देवदासला पुरस्कार मिळाले’, पण ‘त्या देवदासाला कुणीतरी घरी सोडा रे’. अनेकवचनही चालतं: ‘कट्ट्यावरचे देवदास’.

आता अर्थ. बोलण्यात दाढी आणि बाटली एवढंच उरलंय, पण बंगाली लेखक शरच्चंद्र चट्टोपाध्याय यांच्या १९१७च्या मूळ ‘देवदास’ कादंबरीत दारू फार नंतर येते. आधी येतो कच खाणं. देवदासची बालमैत्रीण पारो रात्री स्वतःहून त्याच्या खोलीत येते, त्याचे वडील लग्नाला नकार देतात, हा कलकत्त्याला निघून जातो आणि तिथून आपलं प्रेमच नव्हतं अशा अर्थाचं पत्र धाडतो. मग पस्तावून परततो. ती मानाने नाही म्हणते, तर मासे पकडायच्या गळाच्या काठीने तिचं कपाळ फोडतो. म्हणजे त्याला कुणी सोडलेलं नाही, त्यानेच हातचं घालवलंय. शेवटी हातीपोता गावी तिच्या सासरच्या दाराबाहेर मरतो, आणि तिला त्याला पाहताही येत नाही.

‘देव.डी’मधला देव पंजाबातला, लंडनहून परतलेला. त्याच्या आड वडील किंवा जात येत नाही, संशय येतो: कुणीतरी पारोबद्दल काहीबाही सांगतं, हा ते खरं मानून तिचा अपमान करतो. ती लग्न करून मोकळी होते. हा दिल्लीत पहाडगंजला दारू आणि नशेत बुडतो. मूळ नायकाची दुबळी बाजू इथे जास्त उघडी पडते, कारण जमीनदारी घराण्याची सबबही हाताशी नाही. माझ्या मते कादंबरीचं हेच सगळ्यात इमानदार वाचन आहे. पण हा देव मरत नाही, दिल्लीत भेटलेल्या चंदा या वेश्येसोबत पुढे जातो.

त्यामुळे त्याच्याबद्दल ‘देवदास झाला’ न म्हणता ‘देवदास झाला होता’ म्हणा. ‘झाला’ने अवस्था अजून चालू असल्याचं कळतं, ‘होता’ जोडला की त्यातून तो बाहेर पडल्याचं.

नकार मिळालेल्या साध्या मुलाला देवदास म्हणणं कादंबरीच्या हिशेबाने चूक, पण रूढ झालंय, अडवू नये. रोमिओचं तर याहून वाईट झालं: तो मूळ नाटकात जीव देतो, आणि मराठी बातम्यांत ‘रोडरोमिओ’ होऊन मुलींची छेड काढतो.